इंटरस्टेट १४ चं नक्की काय चाललंय? सेंट्रल आणि ईस्ट टेक्ससवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

किलीन, टेंपल, कॉलेज स्टेशन या पट्ट्यात आता बरीच मराठी मंडळी आहेत, कोणी हॉस्पिटलात, कोणी युनिव्हर्सिटीत, काहींनी तर शहराबाहेर चार-पाच एकर जागा घेऊन घरं बांधलीत. त्यामुळे कुठेही जमलो की इंटरस्टेट १४ चा (आय-१४), म्हणजे राज्याराज्यांना जोडणाऱ्या मोठ्या हायवेंपैकी एकाचा, विषय निघतोच. कोणाला वाटतं की उद्याच बुलडोझर येणार, तर कोणाला वाटतं हे सगळं कागदावरच राहणार. मी इथे बरीच वर्षं राहते आणि हा विषय मनापासून फॉलो करते, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय.

इंटरस्टेट १४ आत्ता आहे तरी कुठे? मी तर फक्त किलीनमध्येच बोर्ड बघितला.

बरोबर बघितलंत. आज ज्या रस्त्यावर आपण आय-१४ चा निळा-लाल बोर्ड बघून गाडी चालवतो तो मुख्यतः कॉपरस कोव्ह ते बेल्टन हा साधारण २५ मैलांचा तुकडा, मधे किलीन, हार्कर हाइट्स, नोलनव्हिल, आणि बेल्टनला तो आय-३५ ला मिळतो. हा रस्ता नवीन बांधलेला नाही, तो आधीचाच यूएस १९० नावाचा जुना हायवे. तिथे सिग्नल नव्हते, क्रॉसिंग नव्हती, आत-बाहेर फक्त रॅम्पवरूनच, म्हणजे इंटरस्टेटला जे लागतं ते आधीच तयार होतं, म्हणून २०१७ च्या सुरुवातीला टेक्ससच्या ट्रान्सपोर्टेशन कमिशनने त्याला आय-१४ नाव दिलं आणि बोर्ड लागले. बाकीचा रस्ता अजून व्हायचाय.

पण नकाशात तर रेघ पार जॉर्जियापर्यंत जाते!

जाते, आणि इथेच सगळा गोंधळ होतो. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, २०१५ च्या फास्ट ॲक्ट या रस्ते-वाहतुकीच्या कायद्यात टेक्ससमधला कॉरिडॉर, म्हणजे रस्त्याचा ढोबळ पट्टा, भविष्यातला आय-१४ म्हणून लिहिला, मग नोव्हेंबर २०२१ च्या इन्फ्रास्ट्रक्चर कायद्यात तो लुईझियाना, मिसिसिपी, अलाबामा आणि जॉर्जिया असा पुढे वाढवला. पश्चिमेला मिडलंड-ओडेसाकडे, पूर्वेला जॉर्जियातल्या ऑगस्टापर्यंत. पाच राज्यं झाली. कायद्यात नाव आलं म्हणजे सरकारने ठरवलं की "या दिशेने कधीतरी इंटरस्टेट असावा". त्या ओळीसोबत पैसे येत नाहीत, तारीख येत नाही, आणि रस्ता नेमका कोणाच्या शेतातून जाणार हेही येत नाही. नंबर मिळणं आणि रस्ता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक डोक्यात पक्कं बसलं की पुढची निम्मी भीती आणि निम्म्या अफवा आपोआप कमी होतात.

१४ च का? आणि जुन्या १९० चं काय?

इंटरस्टेटमध्ये पूर्व-पश्चिम रस्त्यांना सम नंबर आणि उत्तर-दक्षिणला विषम, आणि सम नंबर दक्षिणेकडून उत्तरेकडे वाढत जातात. आय-१० खाली, आय-२० वर, मधला मोकळा नंबर हवा होता. शिवाय पूर्वेकडच्या टोकाला ऑगस्टा ते मिसिसिपीतलं नॅचेझ अशा रस्त्याची कल्पना आधीपासून होती आणि तिला चौदाव्या घटनादुरुस्तीचं नाव होतं, ती १८६८ ची, कायद्यापुढे सगळे समान सांगणारी. तिथून हा आकडा चालत आला. यूएस १९० चा नंबर काढलेला नाही, दोन्ही नावं एकाच डांबरावर चालतात, त्यामुळे जीपीएसने एक नाव सांगितलं आणि बोर्डवर दुसरं दिसलं तर घाबरू नका.

इंटरस्टेट घोषित करणं म्हणजे कोण काय करतं? एक सही आणि झालं?

अजिबात नाही. सोप्या शब्दात सांगते. पहिली पायरी म्हणजे काँग्रेस तो कॉरिडॉर कायद्यात टाकते. मग राज्याचा रस्ते विभाग, आपल्याकडे टेक्सडॉट, त्यातला जो तुकडा तयार आहे तो पुढे करतो आणि म्हणतो की हा स्टँडर्डला बसतो, याला इंटरस्टेटमध्ये घ्या. नंबरचं काम आश्टो नावाची राज्यांच्या रस्ते विभागांची संघटना बघते, आणि शेवटची मान्यता फेडरल हायवे ॲडमिनिस्ट्रेशन देतं. मग राज्याचं कमिशन ठराव करतं आणि मगच बोर्ड. तुकडा तयार नसेल तर त्याला फक्त "भविष्यातला" म्हणता येतं, खरा बोर्ड लावता येत नाही.

पूर्वी एक मोठी अट होती की नवा तुकडा आधीच्या इंटरस्टेटला जोडलेलाच असला पाहिजे, ती २०१२ च्या कायद्याने सैल केली, आता २५ वर्षांत जोडायचा प्लॅन असला तरी चालतं. याच सवलतीमुळे २०१३ मध्ये टेक्ससच्या दक्षिण टोकाच्या रिओ ग्रांडे व्हॅलीमधे आय-२ आणि आय-६९ चे सुटे तुकडे आले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण छोट्या गावांना याचा अर्थ असा की पूर्ण रेघ जोडली जायची वाट न बघता आपला तुकडा आधी होऊ शकतो.

मग पैसे कोण देतं?

फेडरल आणि राज्य मिळून. इंटरस्टेटच्या कामाला साधारण ९० टक्के फेडरल आणि १० टक्के राज्य असा वाटा धरतात, इतर फेडरल हायवेला ८० आणि २०. ऐकायला भारी वाटतं, पण फेडरल वाटा म्हणजे वेगळी थैली नाही, राज्याला जो ठरलेला हिस्सा मिळतो त्यातूनच तो खर्च करायचा, मग आय-१४ वर घातले तर ह्यूस्टन किंवा डॅलसला कमी. त्यात फेडरल पेट्रोल टॅक्स १९९३ पासून गॅलनला १८.४ सेंटवरच अडकलाय आणि टेक्ससचा २० सेंट १९९१ पासून, आणि या मधल्या काळात सिमेंट, स्टील, मजुरी कुठल्या कुठे गेली. टेक्ससने २०१४ आणि २०१५ मध्ये मतदान घेऊन तेल-गॅसवरच्या टॅक्सचा आणि सेल्स टॅक्सचा काही भाग रस्त्यांकडे वळवला, म्हणून इथे कामं दिसतात तरी.

तुमच्या भागात खरंच काही होणार का हे बघायचं असेल तर नेत्यांच्या भाषणांपेक्षा टेक्सडॉटचा दहा वर्षांचा प्लॅन बघा, युनिफाइड ट्रान्सपोर्टेशन प्रोग्राम म्हणतात त्याला, दरवर्षी नवा येतो. त्यात तुमच्या काउंटीच्या नावापुढे पैसे लिहिलेले असतील तर काम जवळ आलं समजा.

आमच्या गावाजवळ तर चार लेनचा मस्त रस्ता आहे, मग बोर्ड का नाही लागत?

चार लेन ही फक्त सुरुवात. इंटरस्टेटला लेन १२ फुटांची लागते, उजव्या बाजूचा शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी पट्टी, १० फुटांचा पक्का, ग्रामीण भागात पुलाखालून १६ फूट उंची, आणि सगळ्यात अवघड म्हणजे पूर्ण ॲक्सेस कंट्रोल. म्हणजे रस्त्यावर कुठल्याही रँचचं गेट उघडता कामा नये, काउंटी रोड आडवा येता कामा नये, सिग्नल नको, डावीकडे वळायची फट नको. आता यूएस १९० आठवा, लँपॅसस, सॅन सबा, ब्रेडीकडे काय किंवा पूर्वेला लिव्हिंगस्टन, वुडव्हिल, जॅस्परकडे काय, दर थोड्या अंतरावर कोणाचं तरी गेट, चर्चचा रस्ता, लाकडाच्या ट्रकची वाट, आणि बऱ्याच ठिकाणी अजून दोनच लेन. त्या प्रत्येक गेटसाठी एकतर फ्रंटेज रोड, म्हणजे हायवेला समांतर छोटा रस्ता, बांधायचा, नाहीतर पूल, नाहीतर जमीन विकत घ्यायची. खरा खर्च इथे आहे. जॉर्जियात कोलंबस ते ऑगस्टा फॉल लाइन फ्रीवे आहेच, पण त्याच्या मोठ्या भागात क्रॉसिंग आहेत, म्हणून तिकडेही हेच काम बाकी आहे.

रस्ता नक्की माझ्या जमिनीतून जाणार का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. नकाशावरच्या रेघेवरून हे सांगताच येत नाही. २०१५ च्या कायद्याचे शब्द बघा, रस्ता "साधारणपणे" यूएस १९० च्या काही भागांवरून आणि अमुक अमुक गावांच्या "आसपास" जाईल आणि टेक्सस-लुईझियाना सीमेवरच्या सबाइन नदीवरच्या बर्स क्रॉसिंगच्या पुलाला मिळेल, इतकंच. आसपास म्हणजे गावाच्या उत्तरेला की दक्षिणेला, मैलावर की पाच मैलांवर, काहीच नाही. उदाहरण द्यायचं तर ब्रायन आणि हंट्सव्हिल दोन्ही यादीत आहेत, पण मधे मॅडिसनव्हिलवरून फिरून जायचं की कॉलेज स्टेशनवरून थेट हायवे ३० च्या बाजूने, हे कायदा सांगत नाही. पश्चिमेला तर २०२१ च्या कायद्यात आय-१४ नॉर्थ आणि आय-१४ साउथ अशा दोन फांद्याच आहेत.

नेमकी लाइन ठरते ती तुकड्या-तुकड्याच्या स्टडीत. आधी दोन-चार पर्याय काढतात, पब्लिक मीटिंग होते, पर्यावरणाचा अभ्यास होतो, मग एक पर्याय पक्का होतो. तोपर्यंत इंटरनेटवरच्या नकाशावर झूम करून आपलं घर शोधण्यात काही अर्थ नाही, आणि कोणी त्या नकाशाच्या जोरावर जमीन स्वस्तात मागत असेल किंवा महागात विकत असेल तर दोन्हीपासून लांब राहा.

जमीन घेतलीच तर काय हक्क आहेत?

सार्वजनिक कामासाठी सरकार जमीन घेऊ शकतं, ते अडवता येणं जवळपास अशक्य, पण योग्य मोबदला द्यावाच लागतो, तो घटनेतला हक्क आहे. टेक्ससमध्ये ऑफरसोबत लँडओनर्स बिल ऑफ राइट्स नावाचं पत्रक मिळतं, ते प्लीज नीट वाचा. आधी पहिली ऑफर येते, मग निदान ३० दिवसांनी शेवटची ऑफर, त्यावर विचार करायला किमान १४ दिवस. नाही पटलं तर प्रकरण कोर्टात जातं, जज काउंटीतले तीन त्रयस्थ जमीनमालक नेमतो, त्यांना स्पेशल कमिशनर म्हणतात, ते दोन्ही बाजू ऐकून रक्कम ठरवतात. तेही नाही पटलं तर हरकत घेऊन पूर्ण खटला, ज्युरीसकट. मात्र एक लक्षात ठेवा, कमिशनरांनी ठरवलेली रक्कम सरकारने कोर्टात भरली की रकमेवरचा वाद चालू असतानाच ते ताबा घेऊ शकतात.

दोन गोष्टी लोक विसरतात. एक, मोबदला फक्त गेलेल्या पट्टीचा नसतो, उरलेल्या जमिनीची किंमत त्यामुळे घटली तर तेही मागता येतं, म्हणजे समजा विहीर एका बाजूला आणि गुरं दुसऱ्या बाजूला राहिली तर ते नुकसान खरंच मोठं आहे आणि ते मांडलं पाहिजे. दोन, शेतीच्या टॅक्स सवलतीतली जमीन स्वतः वापर बदलून सोडली तर मागच्या वर्षांचा टॅक्स वसूल होतो, पण सरकारने सक्तीने घेतलेल्या जमिनीवर तो लागत नाही. पहिल्या ऑफरवर सही करण्याआधी स्वतःचा मूल्यांकन करणारा माणूस आणि या कामातला वकील गाठा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

बायपास झाला तर गावातलं दुकान, मोटेल, पेट्रोल पंप यांचं काय?

मोटेल आणि गॅस स्टेशनच्या धंद्यात आपल्या देशातले बरेच लोक आहेत, म्हणून हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. आणि उत्तर कडू आहे. तुमची जमीन घेतली नाही, फक्त ट्रॅफिक नव्या रस्त्यावर गेलं, तर त्या नुकसानीचा मोबदला टेक्ससच्या कायद्यात मिळत नाही. गिऱ्हाईक वळसा घालून येतं हेही धरत नाहीत. तुमचा रस्त्यावर यायचा मार्गच जवळपास तुटला तर मात्र दावा करता येतो.

म्हणून छोट्या गावांनी खरी लढाई एक्झिटसाठी लढली पाहिजे. एक्झिट गावाच्या जुन्या बाजाराजवळ आला तर गाव टिकतं, तो तीन मैल लांब गेला तर नवे पंप आणि हॉटेलं तिकडे उभी राहतात आणि जुना मेन स्ट्रीट ओस पडायला लागतो. दुसऱ्या बाजूने हेही खरं की मेन स्ट्रीटवरून दिवसरात्र लाकडाचे आणि वाळूचे ट्रक जाणं थांबलं की लोकांना रस्ता ओलांडता येतो, पोरांना सायकल चालवता येते. दोन्ही होतं. कुठलं जास्त होईल हे एक्झिट कुठे पडतो यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते स्टडीच्या काळातच ठरतं, नंतर बदलत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? आय-१० आणि आय-२० आहेत की.

सुरुवातीचं मुख्य कारण लष्कर. फोर्ट हूड हा देशातल्या सगळ्यात मोठ्या तळांपैकी एक, रणगाडे आणि जड सामान इथून बोमाँट आणि कॉर्पस क्रिस्टीच्या बंदरावर जातं. मधे काही काळ त्याचं नाव फोर्ट कॅव्हॅझोस होतं, म्हणून २०२३ नंतरच्या कागदांत ते दिसेल, २०२५ मध्ये पुन्हा फोर्ट हूड झालं. पुढे लुईझियानात फोर्ट पोक, जॉर्जियात फोर्ट बेनिंग आणि फोर्ट गॉर्डन, सगळे याच रेघेवर.

पण माझ्या मते गावाकडच्या माणसासाठी खरं कारण वेगळं आहे, ते म्हणजे जीव. दोन लेनच्या रस्त्यावर पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक होते, मधे डिव्हायडर असला की ती सहसा टळते. आणि २००५ मध्ये रिटा वादळाच्या वेळी ह्यूस्टनहून उत्तरेला निघालेले लोक तासन् तास हायवेवर अडकले होते, तेव्हा आडवा जाणारा एकही धड मोठा रस्ता मधे नव्हता. ज्यांच्या घरचं हॉस्पिटल ५० मैलांवर आहे त्यांना चांगला रस्ता म्हणजे काय ते विचारा.

रस्त्यात आदिवासींची जमीन, जंगल येतं त्याचं काय?

लिव्हिंगस्टन आणि वुडव्हिलच्या मधे यूएस १९० ला लागूनच अलाबामा-कूशाटा या आदिवासी जमातीचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेली जमीन, आहे. ती जमीन केंद्र सरकारने त्यांच्यासाठी ट्रस्टमध्ये ठेवलेली आहे, टेक्ससचं सरकार ती इतर जमिनीसारखी सक्तीने घेऊ शकत नाही, आणि फेडरल पैशाच्या कामात जमातीशी सल्लामसलत करावीच लागते. त्यांचं म्हणणं आधी ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं, कारण ते या भागात फार आधीपासून आहेत. बाकी नद्या, पाणथळ जागा, जुन्या दफनभूमी या सगळ्याचा अभ्यास पर्यावरणाच्या कायद्याखाली होतो, आणि टेक्ससमध्ये २०१४ च्या शेवटापासून त्या अभ्यासाची फेडरल जबाबदारीही टेक्सडॉटकडेच दिलीय.

समृद्धीसारखं पटकन का नाही करत?

समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, एकाच राज्याचा, एकाच महामंडळाचा, सलग नवीन आखलेला आणि टोलचा रस्ता, २०२२ च्या डिसेंबरला नागपूर-शिर्डी चालू झाला आणि २०२५ च्या जूनला पूर्ण. इथे पाच राज्यं, प्रत्येकाचं बजेट वेगळं, आणि बहुतेक ठिकाणी जुनाच रस्ता सुधारायचा, चालू ट्रॅफिकसकट. तुलना करण्यात अर्थ नाही. आय-१४ च्या चालू तुकड्यावर टोलही नाही.

मग किती वर्षं?

पूर्ण रेघेची तारीख कोणीही देऊ शकत नाही, जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका. इतर उदाहरणं बघा. आय-६९ चा कॉरिडॉर १९९१ च्या कायद्यापासूनचा, इंडियानाने इव्हान्सव्हिल ते इंडियानापोलिस २०२४ ला पूर्ण केला, पण टेक्सस, आर्कान्सा, मिसिसिपीमधे अजून मोठी भगदाडं आहेत. मेंफिस-बर्मिंगहॅमच्या आय-२२ ला नंबर २००४ मध्ये मिळाला, त्याआधीपासून काम चालू होतं, तरी बर्मिंगहॅमला आय-६५ शी जोडणी २०१६ मध्ये झाली. यावरून दिसतं की शहराजवळचे आणि बायपासचे तुकडे आधी होतात, आणि सगळ्यात शेवटी राहतात ते जंगलातले, नदीवरचे आणि राज्यांच्या सीमेवरचे तुकडे, कारण पलीकडचं राज्य तयार नसेल तर अलीकडच्याने सीमेपर्यंत पैसे का घालायचे.

बोर्ड लागला की स्पीड लिमिट वाढते का? पत्ता बदलतो का?

स्पीड नावावर नाही, रस्त्याच्या स्टडीवर ठरते. पत्ता सहसा तोच राहतो. एक्झिट नंबर मात्र बदलू शकतात, धंदा असेल तर जाहिरातीत बघून घ्या. हायवेकडेला मोठे जाहिरात बोर्ड लावायचे असतील तर त्याला १९६५ पासूनचा फेडरल कायदा आहे, आधी परमिट.

पब्लिक मीटिंगला जाऊन काही उपयोग असतो का?

असतो, आणि आपले लोक जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. मीटिंग बहुतेक हायस्कूलच्या कॅफेटेरियात किंवा काउंटीच्या हॉलमध्ये असते, मोठे नकाशे टेबलावर पसरलेले असतात, इंजिनिअर समोर उभे असतात आणि विचारलं तर नीट सांगतात. ज्याला इंग्रजीत भाषण करायला संकोच वाटतो त्याने लेखी द्यावं, लेखी म्हणणं तितकंच रेकॉर्डवर जातं, आणि मीटिंगनंतर साधारण दोन आठवडे ते स्वीकारतात, ईमेलनेही. "हायवे हवा" किंवा "नको" एवढंच लिहून फार काही होत नाही. आपला तुकडा कुठला, पावसाळ्यात पाणी कुठे साचतं, शाळेची बस कुठे वळते, गुरं आणि ट्रॅक्टर पलीकडे न्यायला वाट कुठे लागेल, घराची बोअर आणि सेप्टिक नेमकी कुठे आहे, अशा गोष्टी नकाशावर खूण करून द्या, कारण त्या बाहेरून आलेल्या कन्सल्टंटला माहीत नसतात आणि डिझाइन पक्कं होण्याआधी त्या कळल्या तर गेटजवळचा अंडरपास किंवा फ्रंटेज रोडचं वळण खरंच बदलू शकतं. टेक्सडॉटच्या साइटवर जिल्ह्याप्रमाणे मीटिंगच्या तारखा असतात, बेल आणि कोरिएल काउंटी वेको डिस्ट्रिक्टमधे येतात, लँपॅसस ब्राउनवुडमधे, ब्रायन-कॉलेज स्टेशनला स्वतःचं डिस्ट्रिक्ट ऑफिस आहे, त्याप्रमाणे शोधा.